९१ किलोमीटरचा बोगदा आत्ताच खणायचा, की वीस वर्षे थांबायचे?

प्रश्न एका एमएस्सी करणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: एलएचसी या प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावर २०१२ साली हिग्ज हा कण सापडला, त्यानंतर एकही नवा मूलभूत कण नाही. तरी एलएचसी चालवणारी जिनिव्हाजवळची युरोपीय प्रयोगशाळा सर्न आता १५ अब्ज स्विस फ्रँकचा, ९१ किलोमीटर घेराचा एफसीसी हे पुढचे टक्कर-यंत्र बांधू म्हणते. त्यातही आधी इलेक्ट्रॉनच्या टकरी, आणि प्रोटॉनची पाळी थेट २०७० नंतर. प्लाझ्मा त्वरण (आयनीभूत वायूतल्या लाटेवर कणांना वेग देणे), उच्च तापमानाचे अतिवाहक (विजेला रोध न करणारे पदार्थ) असे नवे तंत्रज्ञान येऊ घातले असताना वीस वर्षे थांबून लहान आणि स्वस्त यंत्र का बांधू नये? आणि हे सगळे ठरवते कोण?

मी काम केले ते अतिवाहक आरएफ (रेडिओ लहरींच्या) कॅव्हिटींवर. कणांना पुढे ढकलणारी नायोबियमची ही पोकळ भांडी घडवणे, धुणे, जोडणे, २ केल्विनला तपासणे, यात उमेदीची सगळी वर्षे गेली. आधी इंदूरला, मग परदेशी प्रयोगशाळांशी चाललेल्या संयुक्त कामात, आणि अलीकडे आढावा समित्यांवर. त्यामुळे हे उत्तर सिद्धांत मांडणाऱ्याचे नसून यंत्र उभे करणाऱ्याचे आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. अजून मोठे यंत्र हवे का, हा एक. हवे असेल तर आज त्यातले काय पक्के करायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हा दुसरा. चर्चा बहुतेक वेळा पहिल्यावरच अडकते. नियोजन करणाऱ्यांची झोप उडते ती दुसऱ्यामुळे, कारण बोगद्याचा घेर एकदा ठरला की शंभर वर्षे बदलत नाही. त्यात बसवायची चुंबके मात्र तीस वर्षांनीही बदलता येतात.

पहिल्या प्रश्नाला बगल देणार नाही. एलएचसी आखताना भौतिकशास्त्रज्ञांच्या हातात एक हमी होती. हिग्ज नसेल तर क्षीण बल वाहणाऱ्या दोन डब्ल्यू कणांच्या टकरीची गणिते साधारण १ टीईव्हीच्या आसपास कोलमडतात. (टीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचे एकक; १ टीईव्ही म्हणजे १,००० जीईव्ही, १ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही.) म्हणजे एकतर हिग्ज दिसणार, नाहीतर त्याच्या जागी दुसरे काहीतरी दिसणारच. रिकाम्या हाताने परतायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या यंत्राला अशी हमी नाही. अमुक ऊर्जेला नवा कण मिळेलच असे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 'नवा कण शोधायला' एवढ्याच कारणासाठी १५ अब्ज मागितले असते तर मीही विरोधात उभा राहिलो असतो.

पण मागणी मुख्यतः मोजमापासाठी आहे. हिग्ज हा आपल्याला माहीत असलेल्या मूलभूत कणांत एकमेव शून्य फिरकीचा (स्पिन) कण, आणि त्याचे बाकीच्या कणांशी नाते एलएचसीवर आपण काही टक्क्यांच्या अचूकतेनेच ओळखतो. प्रोटॉन स्वतः क्वार्क आणि ग्लुऑनचा बनलेला असतो, त्यामुळे टक्कर नेमक्या कोणत्या दोन तुकड्यांत झाली आणि त्यांची ऊर्जा किती होती हे आधी कळत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन हे मूलभूत कण, त्यामुळे आत गेलेली ऊर्जा तंतोतंत माहीत असते. २४० जीईव्हीला टक्कर घडवली की झेड आणि हिग्ज जोडीने तयार होतात. झेड, म्हणजे डब्ल्यूसारखाच क्षीण बलाचा वाहक, ९१ जीईव्हीचा, हिग्ज १२५ चा, बेरीज २१६, आणि त्याच्या थोडे वर उत्पादन सर्वाधिक असते, म्हणून २४०. आता फक्त झेड मोजा. उरलेल्या ऊर्जेवरून आणि संवेगावरून हिग्ज तिथे होता हे कळते, मग तो कशातही विघटित होवो, अगदी न दिसणाऱ्या कणांतसुद्धा. ही सोय प्रोटॉनच्या टकरीत नाही. एफसीसीच्या इलेक्ट्रॉन टप्प्यात असे वीस लाखांहून अधिक हिग्ज मिळतील असा हिशेब आहे.

अचूक मोजमापाचा फायदा काय होतो, हे लेपने दाखवून दिले. सर्नच्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० चाललेले हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र. टॉप क्वार्क हा सर्वांत जड मूलभूत कण तयार करण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे कधीच नव्हती. तरी झेडच्या मोजमापांतून टॉपचे वस्तुमान कोणत्या पट्ट्यात असावे हे आधी कळले, आणि १९९५ साली तो अमेरिकेत टेव्हाट्रॉनवर त्याच पट्ट्यात सापडला. हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे, हेही लेपवरच पक्के झाले. लेपच्या चारही प्रयोगांना मिळून सुमारे १.७ कोटी झेड मिळाले होते. एफसीसीवर ते सुमारे सहा लाख कोटी मिळतील असे नियोजन आहे. मोजमापात एवढी झेप असेल तर निकाल कोणताही लागो, त्यातून काहीतरी शिकायला मिळेल, असे माझे मत आहे.

आता 'आधी इलेक्ट्रॉन, मग प्रोटॉन' हा क्रम. तो यंत्रशास्त्रातून आलेला आहे. त्याचे गणित कागदावर स्वतः करून पाहता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोल फिरणारा विद्युतभारित कण किरणोत्सर्ग करतो, म्हणजे प्रकाशकिरणांच्या रूपात ऊर्जा फेकतो, आणि दर फेरीला जाणारी ऊर्जा कणाच्या ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढते, वस्तुमानाच्या चौथ्या घाताने कमी होते, आणि वळणाच्या त्रिज्येने भागली जाते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १,८३६ पट हलका, तेव्हा त्याची अवस्था बिकट. लेपच्या शेवटच्या काळात प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जा १०४ जीईव्हीच्या आसपास होती आणि एका फेरीत सुमारे ३.४ जीईव्ही किरणांत निघून जायची, सेकंदाला अकरा हजार फेऱ्या. तेवढी ऊर्जा दर फेरीला कॅव्हिटींनी परत भरायची. लेप थांबला तो इथेच, या भिंतीशी.

९१ किलोमीटरच्या घेरात वळणाची त्रिज्या सुमारे १० किलोमीटर होते. तिथे १२० जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा तोटा दोन जीईव्हीच्या आत येतो. टॉप क्वार्कची जोडी बनवायला १८२.५ जीईव्हीपर्यंत गेलात तर तो पुन्हा दहाच्या घरात जातो. एफसीसीच्या आराखड्यात प्रत्येक बीमसाठी (कणांच्या झोतासाठी) किरणोत्सर्गाची मर्यादा ५० मेगावॉट ठरवली आहे, म्हणजे दोन्ही मिळून १०० मेगावॉट सतत भरून काढायचे. एवढा एक आकडा पक्का धरला की बाकी यंत्र आपोआप उलगडत जाते. झेडच्या ऊर्जेला तोटा फेरीला ४० एमईव्हीहून कमी, म्हणून त्याच शक्तीत एक अँपिअरहून जास्त प्रवाह फिरवता येतो. हिग्जच्या ऊर्जेला तोच प्रवाह काही दहा मिलिअँपिअरवर येतो. टकरींची संख्या वरच्या ऊर्जेला एवढी का घसरते, याचे कारण इथे आहे. वीज किती लागणार यावर जी टीका होते ती मला रास्त वाटते. सर्नचा वार्षिक वापर आजच सुमारे १.३ टेरावॉट-तास आहे आणि एफसीसी त्याच पंक्तीतला. म्हणूनच आरएफ शक्ती पुरवणाऱ्या क्लिस्ट्रॉनची कार्यक्षमता वाढवण्यावर सध्या जोरात काम चालू आहे. या क्षेत्रातला वाचवलेला प्रत्येक टक्का मेगावॉटांत मोजला जातो.

प्रोटॉनची अडचण वेगळी. त्याला किरणोत्सर्ग फारसा छळत नाही, छळते ते वळवणे. सूत्र सोपे आहे: टीईव्हीमधली ऊर्जा म्हणजे ०.३ गुणिले टेस्लामधले चुंबकक्षेत्र गुणिले किलोमीटरमधली वळणाची त्रिज्या. एलएचसीसाठी ०.३ × ८.३३ × २.८, म्हणजे ७ टीईव्ही. (२७ किलोमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या ४.३ यायला हवी असे वाटेल, पण घेराचा काही भाग सरळ असतो आणि दोन वळण-चुंबकांमध्येही जागा जाते.) एफसीसीला १४ टेस्ला आणि १० किलोमीटर घ्या, एका बीमला ४२, टकरीला ८४ टीईव्ही. आराखड्यातला ८५ चा आकडा असा येतो. १०० हवे असतील तर चुंबके १६ टेस्लाच्या आसपासची लागतात.

आणि १४ टेस्लाची, पंधरा मीटर लांबीची, हजारोंच्या संख्येने भरवशाने बनणारी चुंबके आज कुणाकडेच नाहीत. एलएचसीची १,२३२ वळण-चुंबके नायोबियम-टायटॅनियमची आहेत. हा धातू लवचिक, तार ओढा, गुंडाळा, ऐकतो. पण ९-१० टेस्लाच्या पुढे तो हात टेकतो. पुढचा पदार्थ नायोबियम-टिन. तो ठिसूळ, म्हणून आधी तार गुंडाळायची आणि मग पूर्ण गुंडाळीच भट्टीत ६५० अंशांच्या आसपास भाजायची. तेव्हा कुठे आत अतिवाहक संयुग तयार होते. त्यानंतर त्यावर ताण थोडा जास्त पडला की तंतूंना तडे जातात. एलएचसीच्या उन्नत आवृत्तीसाठी या पदार्थाची ११ टेस्लाची काही वळण-चुंबके बसवायचा बेत होता. थंड-गरम करण्याच्या चक्रांनंतर त्यांची कामगिरी घसरते असे दिसले आणि बसवणे थांबवले. त्याच पदार्थाची केंद्रीकरण-चुंबके मात्र यशस्वी झाली आणि तीच आता लागणार आहेत. मला यातून उमेद वाटते, आणि त्याच वेळी हेही कळते की या पदार्थाला आणखी पंधरा-वीस वर्षे द्यायला हवीत.

म्हणजे तुमचे 'थांबा' हे म्हणणे प्रोटॉन यंत्राच्या बाबतीत मान्य झालेलेच आहे. चुंबकांसाठी थांबायचे ठरले आहे. फक्त थांबण्याचा काळ रिकामा न घालवता त्याच बोगद्यात इलेक्ट्रॉन फिरवायचे, ज्यांना अशी चुंबके लागतच नाहीत.

आपल्याकडे गावोगावी घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या ठेवलेल्या दिसतात. वरचा मजला कधी होईल ते ठाऊक नसते, पण पाया त्या हिशेबाने घातलेला असतो. बोगद्याचेही तसेच आहे. लेप आखला जात असतानाच, १९७७ मध्ये, सर्नचे जॉन अॅडम्स यांनी आग्रह धरला की बोगदा पुढे प्रोटॉनचे यंत्र बसेल असाच असावा. त्या आग्रहामुळे एलएचसीला नवा बोगदा खणावा लागला नाही. तरीही ३.८ मीटर व्यासाची ती जागा अपुरीच पडली. दोन विरुद्ध दिशांच्या बीमसाठी दोन स्वतंत्र चुंबक-वलये मावेनात, म्हणून दोन्ही नळ्या एकाच लोखंडी गाभ्यात, एकाच थंड कवचात बसवणारे जोड-चुंबक वापरावे लागले. तो आज अभियांत्रिकीचा उत्तम नमुना मानला जातो, पण त्याच्या मुळाशी अडचणीची जागा होती.

जागा कशी ठरते तेही बघण्यासारखे आहे. २०१८ च्या आराखड्यात एफसीसीचा घेर ९७.७५ किलोमीटर होता आणि जमिनीवर उघडणारी ठिकाणे बारा. आता घेर ९०.७ आणि ठिकाणे आठ. का? जिनिव्हाच्या खोऱ्यात खाली मोलास नावाचा मऊ खडक आहे, खणायला चांगला. एका बाजूला जुरा पर्वताचा चुनखडक, ज्यात पाणी भरलेल्या भेगा असतात. लेपच्या खोदकामात जुराखालच्या पट्ट्यात पाणी घुसले होते, तो अनुभव कुणी विसरलेले नाही. दुसऱ्या बाजूला आल्प्सच्या पायथ्याचे डोंगर, मध्ये सरोवर. शिवाय वर गावे, शेते, संरक्षित जंगले, पाणवठे. प्रत्येक उघड्या ठिकाणासाठी रस्ता, वीज, पाणी आणि लोकांची संमती लागते. शंभर-एक जागांचे पर्याय तपासून हे वर्तुळ बसवले आहे. थोडी ऊर्जा सोडून चार ठिकाणे कमी केली, हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटतो. संमती नसेल तर विज्ञान कितीही चांगले असो, प्रकल्प रखडतो. आपल्या न्यूट्रिनो वेधशाळेचे तामिळनाडूत काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

इथवरचा सारांश: हमी नाही, पण मोजमापाची मोठी झेप आहे, इलेक्ट्रॉन यंत्राचे तंत्र आज तयार आहे, प्रोटॉनचे नाही, आणि बोगदा दोघांना पुरेल असा आजच ठरवावा लागतो.

मग सरळ रेषेतली यंत्रे? वळण नाही, म्हणजे किरणोत्सर्गाचा तोटाही नाही. जपानमधल्या किताकामी डोंगरांसाठी आखलेला आयएलसी सुरुवातीला २० किलोमीटरचा, २५० जीईव्हीचा. त्याचा सविस्तर तांत्रिक अहवाल २०१३ सालीच तयार झाला. सर्नचा क्लिक हा पर्यायही सरळच, पण त्यात मीटरला ७२ ते १०० दशलक्ष व्होल्टचे त्वरण, म्हणून पहिला टप्पा ११ किलोमीटरचा. सरळ यंत्र लांबवत नेऊन ऊर्जा वाढवता येते, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की कण एकदाच वापरायचे आणि फेकायचे, त्यामुळे पुरेशा टकरी घडायला बीम काही नॅनोमीटर उंचीपर्यंत दाबावा लागतो. मी ज्या कॅव्हिटींवर काम केले त्याच घराण्यातल्या कॅव्हिटी आयएलसीत आहेत, तेव्हा माझा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. तरी सांगतो: झेड आणि हिग्जच्या ऊर्जेला गोल यंत्र टकरींच्या संख्येत पुढे आहे, सुमारे ३६० जीईव्हीच्या वर सरळ यंत्र पुढे जाते. तुम्हाला काय मोजायचे आहे, यावर निवड ठरते. आणि जपान सरकारने अजून पैशांची बांधिलकी घेतलेली नाही, हेही खरे.

आता प्लाझ्मा. सर्नच्याच अवेक प्रयोगात २०१८ मध्ये १० मीटर प्लाझ्मामध्ये इलेक्ट्रॉन २ जीईव्हीपर्यंत नेले. आकडा मोहात पाडणारा आहे. पण टक्कर घडवणाऱ्या यंत्राला नुसते जोरदार त्वरण पुरत नाही. असे टप्पे एकापुढे एक जोडता यायला हवेत, पॉझिट्रॉनही तितक्याच नीट चालायला हवेत, बीम विस्कटता कामा नये, सेकंदाला हजारो वेळा तेच घडायला हवे, आणि भिंतीतल्या विजेतली किती बीमपर्यंत पोचली याचा हिशेब जुळायला हवा. यातल्या प्रत्येकावर चांगली माणसे काम करत आहेत. म्युऑनचे यंत्र मला त्याहून जास्त खुणावते. म्युऑन इलेक्ट्रॉनपेक्षा २०७ पट जड, म्हणून लहान वर्तुळातही तोटा नगण्य, आणि मूलभूत असल्याने १० टीईव्हीची टक्कर खरोखर १० टीईव्हीची. अडचण त्याच्या आयुष्याची: स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात त्यांचा पसरलेला थवा गोळा करून घट्ट करायचा. ब्रिटनमधल्या माइस प्रयोगाने २०२० मध्ये या घट्ट करण्याचे मूलतत्त्व दाखवले. तत्त्व दाखवणे आणि यंत्र बांधणे यांत पंचवीस-तीस वर्षे असतात, हे अंतर माझ्या क्षेत्रातून सांगतो.

कॅव्हिटीचे उदाहरण घ्या. नऊ फुगीर कप्प्यांची, मीटरभर लांबीची नायोबियमची नळी. पत्रे दाबून अर्धे कप्पे, ते निर्वातात इलेक्ट्रॉन-बीमने जोडलेले, मग आम्लात आतला थर काढून टाकलेला, भट्टीत तापवून हायड्रोजन घालवलेला. शेवटी क्लीनरूममध्ये शंभर बारच्या आसपास दाबाने अतिशुद्ध पाण्याची फवार आतून तासन्‌तास फिरवायची. नंतर फ्लँज लावताना तुम्ही श्वास रोखल्यासारखे हळू काम करता. बोल्ट आवळताना पितळी वॉशरवरून निघालेला कणसुद्धा आत पडता कामा नये. हवा काढायची तीही हळूहळू, नाहीतर तळाची धूळ उडून वर बसते. मग खड्ड्यातल्या क्रायोस्टॅटमध्ये २ केल्विनला उतरवून शक्ती वाढवत न्यायची. मीटरला १५, १८, २० दशलक्ष व्होल्ट. आणि अचानक खोलीबाहेरचा एक्स-रे मोजणारा काटा वर जायला लागतो, गुणांक (कॅव्हिटी ऊर्जा किती कमी वाया घालवते याचे माप) घसरतो. आत कुठेतरी मायक्रोमीटरभर कण बसला आहे आणि त्याच्या टोकातून इलेक्ट्रॉन सुटत आहेत. बाहेरून काहीच दिसत नाही. कॅव्हिटी गरम करा, उघडा, पुन्हा धुवा. नव्वदच्या दशकात हाम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेत टेस्ला नावाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याने या कॅव्हिटी विकसित करायला सुरुवात केली. त्यांच्यावर उभा असलेला युरोपियन एक्सएफईएल हा एक्स-रे लेझर, त्यात अशा ७६८ कॅव्हिटी, २०१७ मध्ये सुरू झाला. मीटरला २३.६ दशलक्ष व्होल्ट हे त्याचे उद्दिष्ट कारखान्यातल्या उत्पादनाने ओलांडले. एक उत्तम कॅव्हिटी बनवणे प्रयोगशाळेचे काम, आठशे सारख्या बनवणे हे उद्योगाचे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन दशके गेली. प्लाझ्मा आज त्या वाटेच्या सुरुवातीला आहे.

थांबण्याची किंमत मोजताना बहुतेक जण फक्त पैसा मोजतात. मला माणसांची काळजी जास्त वाटते. एलएचसीच्या उन्नत आवृत्तीचा कार्यक्रम २०३० ते साधारण २०४१ असा आहे. तोवर पुढचे यंत्र मार्गी लागले नसेल तर वेल्डिंग, क्रायोजेनिक्स, चुंबक-गुंडाळी, बीमचे गणित जाणणारी पिढी पांगते. टेक्सासमध्ये १९९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसने एसएससी रद्द केला. ८७ किलोमीटरचे यंत्र, वीसहून अधिक किलोमीटर बोगदा खणून झालेला, सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झालेले. खर्चाचा अंदाज ११ अब्जांच्या वर गेला होता. त्यात तांत्रिक कारणही होते: मधल्या काळात वळण-चुंबकांचा आतला व्यास ४ वरून ५ सेंटीमीटर करावा लागला. एका सेंटीमीटरने हजारो चुंबके महागली. शिवाय जागा नवी, माणसे नवी, खालच्या ऊर्जेची पूर्वयंत्रे शून्यातून बांधायची. सर्नमध्ये १९५९ चे पीएस (प्रोटॉन सिंक्रोट्रॉन) आजही एलएचसीला प्रोटॉन पुरवते.

जाणती माणसे जागेवर असण्याचा उपयोग कधी कळतो? १९ सप्टेंबर २००८. एलएचसी सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. चुंबकांना जोडणाऱ्या सुमारे दहा हजार अतिवाहक सांध्यांपैकी एक सदोष. सांध्याचा रोध नॅनोओहमच्या खाली हवा, तिथे तो सुमारे २०० नॅनोओहम असावा असा तपासाचा निष्कर्ष निघाला. ८,७०० अँपिअरला तो वितळला, ठिणगीने चुंबके थंड ठेवणाऱ्या हेलियमचे कवच फोडले, टनांनी हेलियम बोगद्यात पसरला, तीस टनांहून जड चुंबके जागेवरून सरकली. पन्नासहून अधिक चुंबके वर काढून नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा चालू झाले. ज्यांनी ती बसवली होती ती माणसे तिथेच होती, म्हणून चौदा महिन्यांत झाले.

ठरवते कोण? सर्नची परिषद, म्हणजे सदस्य देशांचे प्रतिनिधी. त्याआधी दर काही वर्षांनी युरोपीय कणभौतिकीची रणनीती नव्याने लिहिली जाते. २०२० च्या आवृत्तीने व्यवहार्यता अभ्यास करा म्हटले, तो मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रणनीती गटाने एफसीसीचा इलेक्ट्रॉन टप्पा पसंतीचा म्हणून सुचवला. बांधकामाचा निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. अमेरिकेत हेच काम पी५ समिती करते. २०२३ च्या तिच्या अहवालाने म्युऑन यंत्राच्या संशोधनाला बळ दिले. चीनच्या १०० किलोमीटरच्या सीईपीसी या इलेक्ट्रॉन यंत्राचा तांत्रिक अहवाल २०२३ मध्ये तयार झाला, बांधकामाला मंजुरी मिळालेली नाही. १५ अब्जांचा आकडा दहा-बारा वर्षांवर पसरलेला आहे आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग बोगदा आणि स्थापत्याचा. सर्नच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून सगळे भागणार नाही, बाहेरून यायलाच हवेत.

माझे मत विचाराल तर इलेक्ट्रॉन टप्प्याला मी होकार देईन, दोन अटींवर. चुंबकांच्या संशोधनाचा निधी बांधकामासाठी पळवायचा नाही, नाहीतर २०७० चे प्रोटॉन यंत्र कागदावरच राहील. आणि लहान प्रयोगांचा गळा घोटून हे करायचे नाही. पैसे जमलेच नाहीत तर सर्नमध्येच सरळ यंत्र, किंवा एलएचसी उतरवून त्याच बोगद्यात २३० जीईव्हीचे इलेक्ट्रॉन यंत्र बसवणारा लेप-३ हा पर्याय. टॉपपर्यंत तो पोचत नाही आणि त्यापुढे प्रोटॉनची वाट उघडत नाही, पण हिग्जचे मोजमाप बऱ्यापैकी होते. तुम्ही वीस वर्षांनी निकाल पाहाल, मी कदाचित पाहणार नाही, तेव्हा तुमच्या मताला माझ्यापेक्षा जास्त वजन असावे.

शेवटी तुम्ही न विचारलेली, पण प्रश्नात दिसणारी गोष्ट: यात इथून काय करता येईल. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. एलएचसीची ती अवजड चुंबके ज्या सूक्ष्म जुळणीच्या जॅकवर उभी आहेत ते जवळजवळ ७,००० जॅक आणि सुमारे १,८०० दुरुस्ती-चुंबके आपल्याकडून गेली. त्यात इंदूरच्या आरआरकॅटचा (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा) मोठा वाटा होता. एलएचसीवरच्या सीएमएस शोधकाचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) मुंबईच्या टीआयएफआरच्या नेतृत्वाखाली झाला. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या पिप-२ या त्वरकासाठी आरआरकॅट, बीएआरसी, कोलकात्याचे व्हीईसीसी आणि दिल्लीचे आययूएसी अतिवाहक कॅव्हिटी आणि त्यांची उपकरणे करत आहेत. एमएस्सीच्या उन्हाळी सुट्टीत यांपैकी एका ठिकाणी प्रकल्प मिळवायचा प्रयत्न करा. निवडताना सिद्धांताचा विषय मागण्याआधी क्लीनरूम, क्रायोजेनिक्स किंवा बीम-गतिकी यांपैकी एक मागा. बीम-गतिकी घरच्या संगणकावरही सुरू करता येते. वर दिलेल्या दोन सूत्रांनी लेप, एलएचसी आणि एफसीसीचे आकडे स्वतः काढून बघा, मग तोच हिशेब म्युऑनसाठी करा, आणि १० टीईव्हीच्या टकरीसाठी, म्हणजे बीमला ५ टीईव्ही, १६ टेस्लाने किती घेर लागतो ते काढा. उत्तर दहा किलोमीटरच्या आत यायला हवे. आले नाही तर तुमची आकडेमोड पाठवा, बघून सांगतो.